खोल्यांवर मोजलेले मरण

तान्हे मूल दगावले की शिकलेली मंडळी आईच्या अडाणीपणाकडे बोट दाखवतात. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास पाहिला तर ते बोट दुसरीकडे वळवावे लागते. तेवढेच मला आज आपणापुढे मांडावयाचे आहे.

१९२१ साली मुंबईत वर्षाच्या आत दगावलेल्या मुलांचा हिशेब घरातील खोल्यांप्रमाणे लावला गेला. दर हजार जन्मांमागे मृत्यू असे : चार वा अधिक खोल्यांत १३३, तीन खोल्यांत १९१, दोन खोल्यांत ३२२ आणि एका खोलीत ८२८! हा शेवटचा आकडा मात्र जसाच्या तसा घेऊ नये. पुष्कळ बायका बाळंतपणाला कोकणात, घाटावर जात. जन्म गावी होई, मृत्यू तेवढा मुंबईच्या दप्तरात चढे. पण ही वजावट केली तरी पायरीपायरीने वाढत गेलेले मरण काही पुसले जात नाही. आणि त्या काळी कामगारांची शेकडा ९७ कुटुंबे एकाच खोलीत राहत होती.

आता अफूविषयी. १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणीतल्या बाळंतिणींची पाहणी केली, तेव्हा शंभरांतील ९८ मुलांना अफू दिली जात असल्याचे त्यांना आढळले. ही बाळगोळी. ती दिली की मूल रडत नाही; पण दूधही मागत नाही आणि वाळत जाते. कारखान्याच्या कायद्याने त्या वर्षी दिवसाचे काम ११ तासांवर आणले, म्हणजे कमी केले! रजा घ्यावी तर मजुरी बुडे, आणि मुलाला सांभाळायला खोलीत कोण? बाईने गोळी दिली ती हा हिशेब करून. यात अडाणीपणा कोठे आला?

१९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात आसवले यांचे प्रसूतिभत्त्याचे बिल आले. डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतिणीची विश्रांती राष्ट्राच्या हिताची आहे, तेव्हा हा बोजा बऱ्याच अंशी सरकारने उचलावा, असे त्यांचे म्हणणे. १९२९ च्या कायद्याने सात आठवडे, रोज आठ आणे मिळू लागले. बोजा मात्र मालकांवरच राहिला. मालक कसला हुशार! बाई कामावर ठेवणे त्याला महाग वाटू लागले. त्यात बायकांना रात्रपाळीची बंदी. रिळिंग-वाइंडिंग खात्यांतल्या बायका पुढे कमी कमी होत गेल्या. आमच्या चळवळीच्या इतिहासात संपांची पाने पुष्कळ, या बायकांची फार थोडी. त्यांतल्या कितीकांनी भाजीची पाटी उचलली, कितीकांनी खानावळ घातली. तेथे आठ आणे देणारा कोणीच नव्हता.