आमच्या भिंतीचा गिलावा : चुना, सिमेंट आणि परत चुना

आज पिकाचं नाही, भिंतीचं लिहितो.

आमचं घर आजोबांनी बांधलेलं. दोन हात रुंद दगड-मातीची भिंत, वरून चुना. १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला आणि मातीच्या भिंतीची सगळ्यांनाच धास्ती बसली. वडिलांनी उसाच्या बिलातून चुना खरवडून सिमेंटचा गिलावा केला. घर पक्कं झालं असं वाटलं.

पुढं चिरा पडल्या, खालून पोपडे सुटले. ठोकलं की पोकळ वाजायचं. दोन वर्षांमागं श्रावणात मोठा तुकडा पडला. मागची माती ओलीगच्च, हातात येत होती. आतली ज्वारीची तळातली पोती बुरशीनं गेली.

सिमेंट वाईट नाही, जोडी चुकली. सिमेंट ताठ, मातीची भिंत थोडी हलणारी. चिरेतून पाणी आत जातं, जमिनीतली ओल वर चढते, बाहेर निघायला वाटच नाही.

तसं हे सिमेंट अलीकडचं. इंग्लंडात लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन या गवंड्यानं १८२४ ला त्याचं पेटंट घेतलं. रंग पोर्टलंडच्या दगडासारखा, म्हणून पोर्टलंड सिमेंट. आपल्या देशात पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ ला सिमेंट निघू लागलं. त्याआधीचे वाडे, गडकोट चुन्यावर उभे. गडावर दगडी गोल चर आणि चाक दिसतं ना, ती चुन्याची घाणी. बैल फिरवून चुना-वाळू मळायचे. गूळ, हिरडा, बेलफळ घालायचे. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात तर भांगेच्या झाडाचे तंतू सापडलेत.

चुनखडी भाजली की कळीचा चुना. पाण्यात विझवून भिंतीला लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो हळूहळू परत चुनखडी होतो. बारीक छिद्रं राहतात, त्यातून ओल सुटते.

आम्ही दिवाळीनंतर सिमेंट उतरवलं, भिंत तीन महिने वाळू दिली. सांधे मातीनं भरले. एक वाटा मुरलेला चुना, तीन वाटे वाळू, पातळ थर, वर ओलं गोणपाट. पायाजवळचं पाणी चर काढून वळवलं.

वडील ओट्यावर बसून बघत होते. म्हणाले, "चांगला होता, मीच खरवडला." मी म्हणालो, "दादा, तवा सगळ्यांनीच खरवडला."

एक पावसाळा गेला, भिंत कोरडी आहे. एकाच पावसाळ्यावर छाती ठोकत नाही. पण तुमचं घर दगड-मातीचं असंल तर सिमेंटची पोती आणायच्या आधी भिंत ठोकून बघा आणि चुन्याचं काम येणारा जुना गवंडी शोधा. विटा-सिमेंटच्या नव्या घराला सिमेंटच बरं.