बुक्कीचा कांदा

पुनावळ्यात आमचा मळा पवनेच्या काठाला होता. दुपारी आजी भाकरी घेऊन यायची. कांदा चिरायची पद्धत नव्हती. दगडावर ठेवायचा आणि बुक्की मारायची. नाकात झिणझिण्या यायच्या. आजी म्हणायची, "डोळ्यातनं पाणी न्हाई आलं तर त्यो कांदा कसला?"

१९७२ साली वर मावळात पवना धरण झालं. नदीला उन्हाळ्यातही पाणी राहू लागलं. काठावर इंजिनं आली, मागून मोटारी. शेणखताच्या गाड्या कमी झाल्या, युरियाची पोती वाढली. कांदा चांगला पोसायला लागला. आजीनं एक फोडला, चाखला आणि म्हणाली, "नुसतं पाणी हाय रं ह्यात."

वडील चिडले. "आये, चाकणच्या बाजारात वजनाला भाव मिळतो, झिणझिण्यांना न्हाई."

त्यांचंही खोटं नव्हतं. त्याच कांद्यावर माझी फी भरली गेली.

चाकणच्या पुढं राजगुरुनगरला १९९८ साली नाशिकहून कांदा-लसूण संशोधन केंद्र आलं. पुढं कांद्याविषयी वाचत गेलो, तेव्हा आजीच्या बोलण्याचा अर्थ लागला. कांद्याचा तिखटपणा गंधकाचा. मुळं जमिनीतून गंधक घेतात, त्याची संयुगं पाकळ्यांत साठतात. कांदा फुटला की ती तिथल्याच एका विकराशी भिडतात आणि डोळे झोंबतात. कीड-रोगापासून झाड स्वतःला राखतं ते अशाच संयुगांवर, आणि आपल्या तब्येतीला गुणकारी मानतात तीही हीच. शेणखतातून, सुपर फॉस्फेटमधून जमिनीला गंधक मिळतं. युरियात ते नसतंच. वर पाणी जादा झालं, की कांदा फुगतो आणि आतला जोर पातळ होतो. बियाणं तेच असलं तरी जमीन आणि पाणी बदललं की गुण बदलतो.

वडिलांनी पुढं घरासाठी गरव्या कांद्याचा एक वाफा वेगळा ठेवला. त्याला फक्त शेणखत. माना पडायला लागल्या की पाणी बंद. आजीशी त्यावर ते कधी बोलले नाहीत. तिनंही विचारलं नाही. खाताना डोळे तेवढे पुसले.

१९९७ साली गाव महापालिकेत गेलं. आता त्या वाफ्यावर सोसायटीचं पार्किंग आहे. मी दारावरच्या गाडीवरून कांदे घेतो, ओट्यावर ठेवून बुक्की मारतो.

"अहो, सुरी आहे ना," बायको म्हणते.

आहे. पण मला डोळ्यांत पाणी येतं का, ते बघायचं असतं.