काडीमोड ते कौटुंबिक न्यायालय : महाराष्ट्रातील घटस्फोट आणि वकिलाचे स्थान

हिंदू विवाह हा अविच्छेद्य संस्कार असून घटस्फोट ही १९५५ च्या कायद्याची देणगी होय, असे विधान पाठ्यपुस्तकांतून वारंवार आढळते. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाला ते पूर्णतः लागू पडत नाही. ब्राह्मणादी काही जाती वगळता येथील अनेक जातींत काडीमोड रूढ होती. जातपंचांसमक्ष काडी मोडून अथवा सोडचिठ्ठी देऊन संबंध तोडला जाई व स्त्रीला पाट लावण्याची मुभा मिळे. या व्यवस्थेत वकिलास स्थान नव्हते. ती स्त्रीला न्याय्य होती असेही नव्हे, कारण पंच पुरुषच असत. परंतु तिची भाषा तरी त्या स्त्रीला परिचित होती.

इंग्रजी न्यायालयांनी या अधिकाराला छेद दिला. विवाह रद्द ठरविण्याचा किंवा स्त्रीला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार मान्य करता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ मध्ये स्पष्ट केले. जातीच्या संमतीने दुसरा विवाह वैध होतो हा प्रामाणिक समजही द्विविवाहाच्या आरोपात बचाव ठरला नाही. जुने दार बंद झाले, नवे अद्याप उघडले नव्हते.

या पोकळीचे स्वरूप रखमाबाईंच्या खटल्यात सर्वाधिक स्पष्ट होते. अकराव्या वर्षी विवाह झालेल्या रखमाबाई माहेरीच वाढल्या. पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा लावला. हा उपायच मुळी इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून आलेला. हिंदू धर्मशास्त्रात त्याला आधार नाही, असे म्हणत न्या. पिन्हे यांनी १८८५ मध्ये दावा फेटाळला. अपिलात तो निर्णय टिकला नाही. १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी पतीकडे जाण्याचा, अन्यथा सहा महिने कारावासाचा आदेश दिला. काशिनाथ त्र्यंबक तेलंगांसारखे विद्वान वकील रखमाबाईंच्या बाजूने उभे होते. तथापि वकील कितीही निष्णात असला तरी कायद्यात नसलेला उपाय तो निर्माण करू शकत नाही. विवाहविच्छेद मागण्याची सोयच नसल्याने त्यांचा सारा युक्तिवाद बचावापुरताच राहिला. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. विशेष म्हणजे रखमाबाईंच्या विधवा आईचा पुनर्विवाह जातीच्या रूढीनुसारच झाला होता.

पुढील वाटचाल संस्थानांनी आरंभिली. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१९ मध्ये काडीमोडीसंबंधी कायदा केला, बडोद्यात सयाजीरावांच्या कारकीर्दीत १९३१ चा कायदा आला. मुंबई प्रांताने १९४७ मध्ये हिंदू घटस्फोट कायदा संमत केला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली दुरुस्ती होऊन क्रूरता व परित्याग ही घटस्फोटाची कारणे बनली आणि परस्पर संमतीचा मार्ग खुला झाला. एक वर्ष विभक्त राहणे ही त्याची अट होय. अर्जानंतरचा सहा महिन्यांचा प्रतीक्षाकाल शिथिल करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरविले.

१९८४ च्या कौटुंबिक न्यायालय अधिनियमाने मात्र वकिलाला उंबरठ्यावर थांबविले. कलम १३ नुसार वकील देणे हा पक्षकाराचा हक्क नाही. न्यायालयाची परवानगी लागते. समुपदेशनातून समेट साधावा हा हेतू स्तुत्यच. परंतु पोटगी, मुलांचा ताबा व स्त्रीधन यांचे दावे अल्पशिक्षित स्त्रीने एकटीने मांडावेत, ही अपेक्षा वास्तवाला धरून नव्हती. महाराष्ट्रात १९८९ पासून ही न्यायालये सुरू झाली आणि व्यवहारात परवानगी सामान्यतः दिली जाऊ लागली. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. ही तरतूद फारच थोड्यांना ठाऊक असते.

काडीमोड तरीही संपलेली नाही. १९५५ च्या कायद्याच्या कलम २९(२) ने रूढीनुसार होणारा घटस्फोट अबाधित ठेवला; अट इतकीच, की ती रूढी पुराव्याने सिद्ध झाली पाहिजे. मुद्रांकावर लिहिलेले फारकतपत्र स्वतःहून विवाह संपवीत नाही. रूढी सिद्ध झाली नाही तर पहिला विवाह कायम मानला जातो. अशा कागदाच्या भरवशावर दुसरा संसार थाटलेल्या स्त्रीला हे बहुधा पोटगी किंवा निवृत्तिवेतनाचा अर्ज करताना, म्हणजे वकिलाकडे प्रथमच जाताना कळते.