पुबेलची पेटी

ओला कचरा आणि सुका कचरा हा धडा शिकवताना आपण बहुधा असे सांगतो, की वर्गीकरण ही पर्यावरणाच्या जाणिवेतून आलेली अलीकडची कल्पना आहे. आम्हीही बरेच दिवस तसेच समजत होतो. प्रत्यक्षात एका मोठ्या शहराच्या कारभाऱ्याने घरोघरी तीन प्रकारचा कचरा वेगळा ठेवण्याचा हुकूम काढला, तो १८८३ साली. शहर होते पॅरिस आणि कारभारी होता एझेन पुबेल. हा मूळचा कायद्याचा प्राध्यापक. पॅरिसला त्या काळी महापौर नव्हता. सेन विभागाचा प्रीफेक्ट म्हणून शहराची सूत्रे पुबेलच्या हाती आली होती.

त्याआधी कचरा रात्री सरळ रस्त्यावर ओतला जाई आणि सकाळी गाडी येऊन ढीग उचलून नेई. २४ नोव्हेंबर १८८३ च्या हुकुमाने घरमालकांवर झाकणाच्या पेट्या पुरवण्याची सक्ती झाली. एका पेटीत कुजणारा कचरा, दुसरीत कागद व चिंध्या, तिसरीत काच, फुटकी भांडी आणि कालवांचे शिंपले. (शिंपल्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला, यावरून पॅरिसकरांच्या जेवणाची कल्पना यावी.) १५ जानेवारी १८८४ पासून अंमल सुरू झाला. वृत्तपत्रांनी पेटीला चेष्टेने पुबेलचेच नाव दिले, आणि आजही फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला ‘पुबेल’ म्हणतात.

हुकुमामागचा हेतू आरोग्याचा होता, आणि तो रास्तच होता. १८८४ च्या प्रारंभी कॉख कलकत्त्यात पटकीच्या जंतूचा शोध पक्का करत होता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पटकी खुद्द पॅरिसमध्ये पोचली.

मग विरोध कोणी केला? घरमालक खर्चावरून कुरकुरले, पण खरा आक्रोश होता ‘शिफोनिए’ लोकांचा, म्हणजे चिंध्या वेचणाऱ्यांचा. पाठीवर टोपली, एका हातात कंदील, दुसऱ्यात लोखंडी आकडी घेऊन ही माणसे रात्रभर ढीग उपसत. त्यांच्या संख्येचे अंदाज काही हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत जातात. म्हणजे ज्यांच्यासंबंधी हुकूम निघत होता त्यांची धड मोजणीही झालेली नव्हती, हे ध्यानात ठेवावे.

ते वेचत काय? येथे रसायनशास्त्राच्या शिक्षकांना बरेच हाती लागेल. कागद पूर्वी सुती व लिननच्या चिंध्यांपासून होई. लाकडाच्या लगद्याने चिंध्यांची जागा घ्यायला नुकती सुरुवात केली होती. लोकरीचे तुकडे पिंजून पुन्हा कापड विणले जाई. हाडांची तऱ्हा तर फारच मजेची. चांगल्या हाडांची बटणे होत. काही उकळून सरस व जिलेटिन काढत. हवा न लागू देता भाजली की हाडांचा कोळसा मिळे. बीटच्या साखरेचा पाक त्यातून गाळून पांढरा करत. शिवाय हाडांत कॅल्शियम फॉस्फेट असते. त्यावर सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करून आणि पुढे कोळशाबरोबर तापवून फॉस्फरस मिळे. तो काडेपेट्यांच्या कारखान्यात जाई. उरलेला गाळ शहराभोवतीच्या भाजीमळ्यांत खत म्हणून विकला जाई. एवढा पसारा पालिकेने उभारलेला नव्हता. तो आपोआप वाढला होता.

नव्या नियमाने कचरा गाडी येण्याच्या थोडा वेळ आधीच बाहेर निघू लागला. रात्रभराचे काम एकदम काही मिनिटांवर आले. सगळ्यांनाच सारखा फटका बसला नाही. ज्यांची ठराविक घरे बांधलेली होती, आणि हा हक्क विकता येई, वारसाने देता येई, ते पहाटे घरात शिरून पेटी चाळू शकत. रस्तोरस्ती हिंडणारा मात्र उघडा पडला, आणि तोच सर्वांत गरीब. त्यातून चिंध्यांचे भाव पडत होतेच.

गदारोळ झाला. ७ मार्च १८८४ रोजी सुधारित हुकूम निघाला. पेट्या राहिल्या, गाडी येण्यापूर्वी कापड अंथरून पेटीतला माल त्यावर निवडण्याची मुभा वेचकांना मिळाली. तीन प्रकारांचे वर्गीकरण मात्र रुळले नाही. लोक बेशिस्त होते म्हणून, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हाला ते पटत नाही. वेगळे केलेले हाड साखरेच्या कारखान्यापर्यंत न्यायचे कोणी, याची व्यवस्था पालिकेच्या योजनेत नव्हती. ती वाट वेचकांनाच ठाऊक होती, आणि योजना आखताना त्यांना कोणी विचारले नव्हते. पुढे विसाव्या शतकात पॅरिसच्या वेशीवर कचरा दळण्याचे व जाळण्याचे कारखाने आले आणि वेचक हळूहळू दिसेनासे झाले.

घरोघरचा कचरा पालिका ताब्यात घेऊ लागली की वेचकांचे काय, हा प्रश्न आपल्याकडे पुण्यातही उभा राहिला. तेथे १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. वेचणाऱ्या, बहुसंख्य दलित स्त्रिया तिच्या सभासद. वेचकांना ओळखपत्रे मिळाली. २००८ साली ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था आणि महापालिका यांच्यात करार झाला: वेचकांनी दारोदार कचरा गोळा करायचा, घरांनी त्यांना शुल्क द्यायचे, भंगाराची विक्री त्यांचीच. या करारावरूनही पुढे वाद झाले, ते अजून मिटलेले नाहीत. पण पॅरिसमध्ये मार्चमध्ये सुचलेली गोष्ट येथे निदान कराराच्या कागदावर आली.

ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करण्याचा नियम भारतात २०१६ साली झाला. फ्रान्समध्ये घरगुती कुजणारा कचरा वेगळा करण्याची सोय नागरिकांना देणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक झाले, ते १ जानेवारी २०२४ पासून. पुबेलच्या पहिल्या पेटीला तेव्हा एकशे चाळीस वर्षे पुरी व्हायला दोन आठवडे बाकी होते.