कवितेतले गाव आणि गावातली पेठ

टी. एस. एलियटची 'द वेस्ट लँड' ही कविता ज्यांनी अभ्यासक्रमात वाचली वा शिकवली असेल, त्यांना मार्गेट हे नाव ठाऊक असते. तिसऱ्या खंडाच्या अखेरीस ते एकदाच येते, तेही तिथल्या वाळूच्या निमित्ताने. वर्गात आपण तिथे फारसे थांबत नाही. 'इंग्लंडमधील केंट परगण्यातले समुद्रकाठचे विहारस्थान' एवढी टीप देऊन आपण कवितेबरोबर कार्थेजला जातो. मर्ढेकरांच्या निमित्ताने एलियटची चर्चा आपल्याकडे इतकी वर्षे होत आली, पण त्या चर्चेतही हे गाव आम्हांला कधी भेटले नाही. मात्र नकळत एक समज मनात रुजतो, की ओसाड भूमीच्या कवितेत आलेले गाव तेही ओसाडच असणार.

हा समज इतिहासाला धरून नाही. बँकेतल्या नोकरीतून मानसिक अस्वास्थ्यासाठी रजा घेऊन एलियट १९२१च्या ऑक्टोबरात मार्गेटला आला आणि क्लिफ्टनव्हिल भागातील एका हॉटेलात सुमारे तीन आठवडे राहिला. किनाऱ्यावरच्या एका आडोशाच्या बैठकीत बसून तिसऱ्या खंडाचा काही भाग लिहिल्याचे त्याने तेथूनच एका मित्राला कळवले. त्या वेळी मार्गेट भरभराटीत होते. 'ड्रीमलँड' ही तिथली करमणुकीची बाग आदल्याच वर्षी, म्हणजे १९२० साली, सुरू झाली होती. तिच्यातल्या लाकडी 'सीनिक रेल्वे'त बसण्यासाठी उन्हाळ्यात लंडनहून माणसे लोटत असत. कवितेतली उजाड मनःस्थिती कवीने बरोबर आणली होती. ती गावाची नव्हती. गावाची पडझड पुढे अर्ध्या शतकाने सुरू झाली. ती सावरण्यासाठी जेव्हा सार्वजनिक पैसा आला, तेव्हा तो ज्या नावांच्या आधाराने आला, त्यांत या कवितेचेही नाव होते. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या गोष्टीकडे पाहावे असे आम्हांला वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

मार्गेटचा धंदा पहिल्यापासून एकच होता: बाहेरच्या माणसाला समुद्र आणि हवा उपलब्ध करून देणे. समुद्रस्नान प्रकृतीला हितकारक असते ही समजूत अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये पसरली, आणि टेम्सच्या मुखाजवळचे हे कोळ्यांचे व व्यापाऱ्यांचे बंदर लंडनकरांचे स्नानस्थान झाले. स्त्रीपुरुषांना आडोशाने पाण्यात उतरता यावे म्हणून छत लावलेल्या चाकांच्या खोल्या इथे अठराव्या शतकाच्या मध्यालाच वापरात आल्या. १७९१ साली लंडनच्या गरीब गंडमाळग्रस्तांसाठी समुद्रस्नानाचे रुग्णालय येथे स्थापन झाले. १८१५च्या सुमारास आगबोटी आल्या, १८४६ साली रेल्वे आली. चित्रकार टर्नर लहानपणी इथे शाळेत होता, आणि उतारवयात बंदराजवळच्या मिसेस बूथ यांच्या घरी उतरत असे. पेठ, नाट्यगृह, खानावळी, भाड्याच्या खोल्या या सगळ्यांचे पोट पाहुण्यांवर चाले. गावाची अशी बांधणी असली की पाहुणा येईनासा होताच दुकानदार, खोलीवाली बाई आणि रुग्णालयाची परिचारिका या सर्वांनाच त्याची झळ लागते.

आणि पाहुणा येईनासा झाला. १९६० नंतर स्वस्त विमानप्रवासाच्या सहली सुरू झाल्या आणि लंडनचा कामगार स्पेनच्या उन्हात जाऊ लागला. १९७८च्या जानेवारीतील वादळात मार्गेटचा जुना लोखंडी धक्का मोडून पडला. क्लिफ्टनव्हिलमधल्या मोठ्या अतिथिगृहांचे एकेका खोलीचे बिऱ्हाड झाले. लंडनच्या नगरपालिकांना ज्यांची घरांची सोय करता येत नसे, अशा कित्येकांना या स्वस्त खोल्यांत पाठवले गेले. समुद्रस्नानाचे ते रुग्णालय १९९६ साली बंद झाले आणि पुढे त्याच्या सदनिका झाल्या. राहता राहिली पेठ. तिच्यावरचा मोठा घाव २००५ साली बसला. त्या वर्षी गावाबाहेर काही मैलांवर 'वेस्टवूड क्रॉस' हे प्रशस्त विक्रीसंकुल उघडले आणि मुख्य पेठेतली मोठी दुकाने तिकडे गेली. हे संकुल आपसूक उगवलेले नव्हते. त्याला नियोजनखात्याची रीतसर परवानगी होती. म्हणजे ज्या शासनयंत्रणेने पुढे पेठेच्या पुनरुज्जीवनासाठी पैसा दिला, तिच्याच सहीने पेठेतला व्यापार बाहेर गेला होता. २००८च्या अखेरीस वूलवर्थ्स ही देशभरची दुकानसाखळी बुडाली. अशा दुकानांच्या बंद काचा पुढे वर्तमानपत्रांतून मार्गेटची ओळख म्हणून छापल्या जाऊ लागल्या. दरम्यान ड्रीमलँडही बंद पडले होते. त्यातली लाकडी रेल्वे २००२ साली संरक्षित वास्तूंच्या यादीत गेली होती, पण २००८च्या एप्रिलमध्ये आगीत तिचा काही भाग जळाला.

सार्वजनिक पैशाची कहाणी याला समांतर चालते. टर्नरच्या नावाने येथे कलादालन उभारावे ही कल्पना १९९०च्या दशकातली. २००१ साली स्पर्धेतून नॉर्वेतील स्नोहेटा या वास्तुकारांचा सहभाग असलेला आराखडा निवडला गेला. त्यात इमारत थेट बंदराच्या धक्क्याला लागून, लाटांच्या माऱ्यात उभी राहणार होती. अंदाजित खर्च मूळ आकड्याच्या कित्येक पटींनी वाढला आणि २००६ साली केंट परगण्याच्या कौन्सिलने तो बेत सोडून दिला. मग डेव्हिड चिपरफिल्ड यांचा जमिनीवरचा, साधा आराखडा आला. १६ एप्रिल २०११ रोजी 'टर्नर कंटेम्पररी' उघडले. मिसेस बूथ यांचे घर जिथे होते, साधारण तीच ही जागा. खर्च झाला सुमारे १ कोटी ७५ लाख पौंड. त्यातला मोठा भाग परगण्याचे कौन्सिल, इंग्लंडची आर्ट्स कौन्सिल आणि त्या प्रदेशाची विकाससंस्था यांनी उचलला. प्रवेश विनामूल्य ठेवला. पहिल्या वर्षभरात पाच लाखांच्या आसपास माणसे येऊन गेली. गंमत अशी, की पैसा देणारी ती विकाससंस्था २०१२च्या मार्चमध्ये सरकारनेच गुंडाळली. इमारत राहिली; तिला हातभार लावणारी संस्था वर्षभरही टिकली नाही.

ड्रीमलँडची कथा अधिक बोलकी आहे. किनाऱ्यावरच्या गावांसाठी २००८ साली सुरू झालेल्या 'सी चेंज' या सरकारी योजनेतून २००९ साली तिला सुमारे ३७ लाख पौंड मंजूर झाले. वारसा जतन करणाऱ्या लॉटरी निधीनेही मदत केली. जागा खाजगी मालकीची होती. थॅनेट जिल्हा कौन्सिलने सक्तीच्या संपादनाचा अधिकार वापरला, न्यायालयीन लढाई केली, आणि २०१३ साली ताबा मिळवला. २०१५च्या जूनमध्ये बाग पुन्हा उघडली, आणि वर्षही पुरते झाले नव्हते तोच, २०१६च्या मे महिन्यात, ती चालवणारी कंपनी कर्जापायी प्रशासकांच्या ताब्यात गेली. बाग तरीही चालू राहिली, परंतु धडा स्पष्ट होता. असे निधी मुख्यत्वे भांडवली खर्चासाठी असतात. त्यांतून भिंत बांधता येते, छप्पर शाकारता येते, जुनी चाके फिरती करता येतात. तिकीटखिडकीवर बसणाऱ्याचा हिवाळ्यातला पगार त्यांतून निघत नाही. विहारस्थानाचे दुखणे तर नेमके हिवाळ्याचेच असते.

दुसरी गोष्ट या निधींच्या वाटपाची. यांतले बहुतेक पैसे गरजेच्या मापाने आपोआप येत नाहीत. गावांना त्यांसाठी अर्ज करून एकमेकांशी स्पर्धा करावी लागते. 'सी चेंज' तशीच होती. २०१२ साली मुख्य पेठांच्या पुनरुज्जीवनासाठी निवडलेली पहिली बारा गावेही तशीच ठरली. त्यांत मार्गेट होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला साधारण एक लाख पौंड आले. ओस पडलेल्या पेठेसाठी ही रक्कम किती अपुरी, हे कलादालनाच्या आकड्याशेजारी ती मांडली की समजते. अशा स्पर्धेत गावाला स्वतःविषयी गोष्ट सांगावी लागते, आणि चांगली गोष्ट ज्याच्यापाशी, त्याचा अर्ज वर जातो. मार्गेटपाशी टर्नर होता, एलियट होता, पुढे याच गावात वाढलेली चित्रकर्ती ट्रेसी एमिन होती. एलियट ज्या आडोशात बसला, तो स्टेशनाजवळचा नेलंड रॉक येथील आडोसा २००९ साली संरक्षित यादीत गेला, आणि त्यामागे त्या कवितेचे कारण होते. २०१८ साली कलादालनात 'द वेस्ट लँड'वर आधारित मोठे प्रदर्शन भरले. २०१९ साली टर्नर पारितोषिकाचे प्रदर्शन तिथे भरले आणि चौघा कलावंतांनी ते पारितोषिक वाटून घेतले.

आमचे म्हणणे येथे आहे. एका कवीची विषण्णता शंभर वर्षांनी एका गावाची पुंजी होते, यात आम्हांला वावगे काही दिसत नाही. गावाने जे हाती आहे ते वापरावे. परंतु या पुंजीला एक दिशा असते. ती ज्याची गोष्ट सांगता येते, त्याच्याकडे पैसा वळवते. क्लिफ्टनव्हिलमधल्या एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाची गोष्टही त्याच गावाची आहे, पण तिला कवीचे नाव नाही. अर्जात ती 'वंचितता' या मथळ्याखाली आकड्यांत येते आणि आकडा होऊनच राहते.

नकाशा पाहिला म्हणजे हे उमजते. मार्गेटचे स्टेशन वाळूच्या पश्चिम टोकाला आहे. तिथून समोर अर्धवर्तुळाकार किनारा, त्याच्या पूर्वेच्या टोकाला बंदर आणि कलादालन, त्यामागे जुन्या गावाच्या गल्ल्या. मुख्य पेठ किनाऱ्याकडून आत, चढावर जाते. २००९च्या डिसेंबरात लंडनहून वेगवान रेल्वे सुरू झाली आणि पाहुणा दीड तासाच्या सुमारास येऊ लागला. तो वाळूच्या कडेने चालत कलादालनात जातो, जुन्या गावात कॉफी घेतो, आणि त्याच वाटेने परततो. पेठेचा चढ त्याला चढावाच लागत नाही. म्हणूनच जुने गाव गजबजले तरी पेठ सावरायला कितीतरी अधिक काळ लागला. पुढे लंडनकर केवळ फिरायला न येता राहायलाही आले, घरांच्या किमती आणि भाडी वाढली, आणि ज्यांना एकेकाळी स्वस्त म्हणून इथे पाठवले होते, त्यांनाच इथले भाडे जड होऊ लागले.

यावर काही जण म्हणतात, की कलादालनाऐवजी घरे बांधायला हवी होती. हे मत आम्हांला मान्य नाही. विनामूल्य उघडे असलेले दालन हे गरिबाच्या मुलाच्याही हक्काचे आहे, आणि कला ही सुस्थितीतल्यांसाठी, गरिबांसाठी मात्र फक्त छप्पर, ही वाटणी आम्हांला अपमानास्पद वाटते. चूक कलेला पैसा देण्यात झाली नाही. किनाऱ्याच्या भावात जी वाढ सार्वजनिक पैशाने घडवून आणली, तिचा वाटा पेठेतल्या भाडेकरूला मिळेल अशी तजवीज त्या पैशाबरोबर झाली नाही, हे खरे न्यून. २०२१ साली 'टाउन डील' या योजनेखाली मार्गेटला २ कोटी २२ लाख पौंड मंजूर झाले आणि त्यांतला काही भाग गावाच्या आतल्या अंगाला असलेल्या, १७८७ सालच्या थिएटर रॉयलसाठी ठेवला गेला. किनाऱ्याकडून आत पाहण्याची ही सुरुवात म्हणता येईल. पण तोही निधी भांडवली खर्चाच्या त्याच चाकोरीतला होता.

आता पुन्हा वर्गात येऊ. तो खंड शिकवताना कार्थेजकडे जाण्याआधी फळ्यावर मार्गेटचा साधा नकाशा काढावा, असे आम्ही सुचवू. पश्चिमेला कवीचा आडोसा, पूर्वेला चित्रकाराच्या नावाचे दालन, आणि दोहोंच्या मधून आत चढत जाणारी पेठ. यांपैकी टीपांच्या पुस्तकात काय सापडते आणि काय सापडत नाही, हे विद्यार्थ्यांना शोधू द्यावे. कवितेचा अर्थ त्यामुळे बदलणार नाही. पण ज्या वाळूचे नाव आपण इतकी वर्षे निव्वळ प्रतीक म्हणून उच्चारत आलो, तिच्या काठी माणसे भाडे भरून राहतात, एवढे त्या तासाला वर्गात बोलले जाईल.