गायक, श्रोता आणि अडत्या

ध्वनिमुद्रित संगीताच्या विक्रीत गेल्या पाव शतकात जी उलथापालथ झाली, तिच्याविषयी पुष्कळदा असे म्हटले जाते की, मधला अडत्या गेला आणि कलावंत स्वतंत्र झाला. ह्या म्हणण्यात तथ्य किती, हे तिच्या इतिहासावरूनच तपासून पाहणे योग्य होईल.

१८७७ साली एडिसनने फोनोग्राफ सिद्ध केला आणि पुढे तबकड्यांचा मोठा धंदा उभा राहिला. ध्वनिमुद्रणाची यंत्रे, तबकड्यांचे कारखाने आणि गावोगावची विक्री ही सारी साधने भांडवलवाल्या कंपन्यांच्या हाती असत. एकट्यादुकट्या गायकास हा खटाटोप झेपण्यासारखा नव्हता. सबब तो कंपनीशी करार करी, आणि मुद्रिकेवरील मालकी बहुधा कंपनीकडे जाई.

ही घडी विसाव्या शतकाच्या अखेरीस विसकटली. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांचा 'एमपी३' ह्या रीतीच्या सिद्धतेत मोठा वाटा होता. मनुष्याच्या कानास जे सहसा जाणवत नाही ते गाळून, गाणे सुमारे दशांश जागेत मावविण्याची ही युक्ती होय. तिला इंटरनेटची जोड मिळताच गाणे तबकडीवाचून घरोघर पोहोचू लागले. १९९९ साली निघालेल्या नॅप्स्टरने तर गाण्यांची फुकट देवघेवच सुरू करून दिली. कंपन्यांनी तिला न्यायालयात खेचले व २००१ साली ती बंद पडली. परंतु फुकटाची गोडी मागे राहिलीच. २००३ साली ॲपल कंपनीने ९९ सेंटांस एक गाणे विकण्याचे दुकान इंटरनेटवर उघडले, तेव्हा माफक किंमत देण्यास लोक तयार असतात, हेही दिसून आले.

स्वतंत्र कलावंतांचे प्रयत्न ह्यापूर्वीच सुरू झाले होते. १९९८ साली अमेरिकेत डेरेक सिव्हर्स ह्या संगीतकाराने स्वतःची सीडी विकण्याकरिता 'सीडी बेबी' हे दुकान काढले. मित्रांच्या सीडीही तेथे आल्या; दर सीडीमागे चार डॉलर ठेवून घेऊन बाकीची रक्कम कलावंतास देण्याचा प्रघात पडला. २००४ साली मारिया श्नायडर ह्या जाझ संगीतकर्त्रीने आपला अल्बम केवळ इंटरनेटद्वारा विकला, आणि त्याच्या खर्चास श्रोत्यांकडूनच आगाऊ हातभार लावून घेतला. दुसऱ्याच वर्षी त्यास ग्रॅमी पारितोषिक मिळाले. २००७ साली रेडिओहेड ह्या इंग्लिश वाद्यवृंदाने तर आपल्या नव्या अल्बमची किंमत ग्राहकाच्या मर्जीवर सोडली. काही न देताही तो घेता येई. मात्र ह्या वृंदाचे नाव आधीच्या सहा अल्बमांनी, तेही एका बड्या कंपनीमार्फत, जगभर झालेले होते. अप्रसिद्ध गायकाने हाच मार्ग धरल्यास त्याचा पदर रिकामा राहण्याचा संभव अधिक, हे उघड आहे.

अशा गायकांस २००८ साली निघालेल्या बँडकँपचा मोठा आधार झाला. किंमत कलावंताने ठरवावी, ग्राहकाने हवी तर अधिक द्यावी, आणि दुकानाने डिजिटल विक्रीवर साधारण पंधरा टक्के घ्यावे, असा तेथील नियम. २०२० साली महामारीने मैफली बंद पाडल्या, तेव्हा २० मार्च ह्या दिवशी दुकानाने आपला हिस्सा सोडून दिला. परंतु २०२२ साली हेच दुकान एपिक गेम्स कंपनीने विकत घेतले, २०२३ साली ते साँगट्रेडरकडे गेले, आणि त्या हस्तांतरात जवळजवळ निम्म्या नोकरांस घरी बसावे लागले. ज्यांच्या गाण्यांवर दुकान नावारूपास आले, त्या कलावंतांची संमती ह्या व्यवहारांस लागत नव्हती! २००८ सालीच सुरू झालेल्या स्पॉटिफायवर तर श्रोता गाणे विकत न घेता नुसते ऐकतो; आणि मागील बारा महिन्यांत हजार वेळा ऐकले न गेलेल्या गाण्याच्या मुद्रिकेस मोबदला द्यावयाचा नाही, असा नियम तेथे २०२४ पासून लागू झाला.

तेव्हा अडत्या गेला असे म्हणणे बरोबर नाही. त्याने वेश पालटला, इतकेच. तथापि ह्या पंचवीस वर्षांत कलावंताने काहीच मिळविले नाही, असेही आम्ही म्हणणार नाही. पूर्वी मुद्रिकाच कंपनीची होई. आज ती कलावंतास स्वतःपाशी राखता येते, आणि एक दुकान फिरले तर माल उचलून दुसरीकडे जाता येते. मात्र त्यासाठी आपले श्रोते कोण व कोठे आहेत, ह्याची नोंद त्याच्यापाशी हवी. मुद्रिकेची मालकी आणि श्रोत्यांशी थेट ओळख ह्या दोन गोष्टी ज्याने राखल्या, त्यासच स्वतंत्र म्हणता येईल.

आता उरला श्रोता. मैफलीत गवयास बिदागी देताना ज्यांस संकोच वाटत नाही, तेच सुशिक्षित लोक घरबसल्या ऐकलेल्या गाण्याचे मोल द्यावयाचे विसरतात. जे गाणे आपण वारंवार ऐकतो, ते गायकाकडूनच विकत घ्यावे, हा साधा रिवाज घरोघर पडेल, तर ह्या नव्या बाजारात लहान कलावंतासही पोट भरता येईल. युक्त्या कितीही निघोत, पैसा अखेर श्रोत्याच्याच खिशातून यावयाचा असतो.