हजार तासांचा दिवा

वाढ थांबली तर भांडवलशाही टिकेल का, या प्रश्नावर जाडजूड पुस्तकं आहेत. मला तो साध्या बल्बच्या इतिहासात जास्त स्पष्ट दिसला.

जर्मनीच्या ओसराम कंपनीने १९२२-२३ साली ६ कोटी ३० लाख बल्ब विकले, पुढच्या वर्षी जेमतेम २ कोटी ८० लाख. तेव्हा जर्मनीत पैशाला किंमतच उरली नव्हती, हेही खरं. पण कारखाना एकदा उभा राहिला की यंत्रं, पगार, व्याज थांबत नाहीत. गल्लीतला वाणी तीस वर्षं तेवढाच धंदा करून सुखाने जगतो. भागधारकांच्या कंपनीला ते जमत नाही.

डिसेंबर १९२४ मध्ये जर्मनी, हॉलंड, फ्रान्स, जपान इथल्या बल्ब कंपन्यांनी जिनिव्हात 'फीबस' नावाचा संघ केला. बाजार वाटून घेतले आणि बल्बचं आयुष्य ठरवलं, १००० तास. त्याआधी दीड-दोन हजार तास चालणारे बल्ब मिळत. आता प्रत्येक कारखान्याने नमुने स्वित्झर्लंडच्या प्रयोगशाळेत पाठवायचे, आणि बल्ब ठरल्यापेक्षा जास्त टिकला तर दंड भरायचा! टिकाऊ माल केला म्हणून दंड, हे सासूबाईंना किती समजावलं तरी पटेना.

कंपन्यांच्या बाजूनेही बोलायला हवं. तार जास्त टिकवायची तर ती कमी तापवावी लागते, मग उजेड मंद आणि त्या मानाने वीज जास्त. १९५१ च्या ब्रिटिश आयोगानेही हे मान्य केलं. पण हेतू उजेडाचाच असता, तर दोन्ही बल्ब दुकानात ठेवून निवड गिऱ्हाइकावर सोडली असती.

महायुद्धात संघ मोडला. माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. परिग्रह-परिमाणात आपण आकडा आधी ठरवतो, व्यापार नंतर. या कंपन्यांनाही आकडा ठरवून दंडासकट पाळता येत होता. त्यांनी तो दिव्याच्या आयुष्याला लावला. दिव्यांमागे जळणाऱ्या कोळशाला तो कुणीच लावला नाही.

कमी वीज खाणारे दिवे आले की हे आपोआप सुटेल, असं आता म्हणतात. १८६५ मध्येच जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने दाखवलं होतं की वाफेचं इंजिन काटकसरी झालं तसा देशाचा कोळसा वाढतच गेला, कारण स्वस्त झालेली शक्ती नव्या कामांना लागली. आमच्या सोसायटीतल्या दिवाणखान्यांत पूर्वी ६० वॅटचा एक बल्ब असे. परवा एका शेजारणीच्या नव्या छतात मी एलईडी मोजले. प्रत्येकी ९ वॅटचे, चौदा. म्हणजे १२६ वॅट.